नव्या देशात काम: स्वतःचे कार्यालय की स्थानिक भागीदार?

नव्या देशात स्वतःचे कार्यालय उघडायचे की स्थानिक संस्थेला भागीदार करून तिच्यामार्फत काम करायचे, हा निर्णय परदेशी निधीवर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्था खर्चाच्या हिशेबापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. आधी त्या देशाचा कायदा वाचावा. पुष्कळदा एक वाट तिथेच बंद झालेली असते. भारतात एफसीआरए या परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही. एका मोठ्या संस्थेने पैसा घ्यायचा आणि छोट्यांना वाटायचा, ही जुनी पद्धत त्यामुळे संपली. प्रत्येकीला स्वतःची परवानगी हवी, निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच उतरवावा लागतो, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. इथिओपियात 2009 च्या कायद्याने 10 टक्क्यांहून जास्त परदेशी निधी घेणाऱ्यांना मानवी हक्कांच्या कामापासून दूर ठेवले होते. तो कायदा 2019 मध्ये बदलला.

दोन्ही वाटा खुल्या असतील, तर स्वतःच्या कार्यालयाचा मोठा फायदा म्हणजे ताबा. खरेदी, हिशेब, साठा सगळे एका पद्धतीने चालते. पण नोंदणीशिवाय बँक खाते नाही आणि खात्याशिवाय पगार नाही. सरकारशी केलेल्या करारात आयातशुल्काची सूट स्पष्ट लिहून घेतली नाही, तर औषधे बंदरात पडून राहतात आणि गोदामभाडे चढत जाते. चढ्या पगाराने स्थानिक संस्थांची अनुभवी माणसे ओढली जातात, हे नुकसान तर कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. कार्यालय बंद करण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

भागीदाराकडे भाषा असते, ओळखी असतात, आणि प्रकल्प संपल्यावरही तो तिथेच असतो. पण त्याला चर्चेत घेतले नाही, तर याचा उपयोग होत नाही. हैतीत 2010 च्या भूकंपानंतर मदतकार्याच्या समन्वयाच्या बैठका बऱ्याचदा संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, इंग्रजीत झाल्या; स्थानिक संस्था बाहेरच राहिल्या.

भागीदारी बिघडते ती बहुधा पैशावरून. निधीचा हप्ता लांबला की छोट्या संस्थेचे पगार थांबतात, कारण तिच्याकडे राखीव निधी नसतो. स्थानिक चलन घसरले की अंदाजपत्रक कोलमडते. लेखापरीक्षणात नाकारलेला खर्च तिच्याच माथी येतो. भाडे, लेखापाल, वीज यांसाठीचा वाटा देणगीदाराकडून मोठी संस्था घेते, पण खाली पोचवत नाही. हा सरळ अन्याय आहे. 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी मदत परिषदेत देणगीदारांनी आणि मोठ्या मदतसंस्थांनी 2020 पर्यंत किमान 25 टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिकांना द्यायचे मान्य केले. ते साधले नाही.

अचानक आलेली आपत्ती, प्रचंड मालपुरवठा आणि ठराविक मुदत असेल तर कार्यालय उघडा. शिक्षण, आरोग्य, पाणी यांसारख्या लांब पल्ल्याच्या कामाला भागीदारच योग्य, मात्र पहिला हप्ता आगाऊ, चलनघसरणीची तरतूद आणि प्रशासकीय खर्चाचा वाटा करारात लेखी हवा.

अफगाणिस्तानात डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांतील महिलांच्या कामावर बंदी घातली, ती देशी-परदेशी दोन्ही संस्थांना. म्हणून सरकारी आदेशाने काम थांबले तर पगार कोण आणि किती महिने देणार, हे कलम कोणत्याही वाटेवर सहीपूर्वी लिहून घ्या.