स्वतःचं वर्डप्रेस की शॉपिफाय? छोट्या दुकानाने काय घ्यावं

मसाले, साड्या असं काही ऑनलाइन विकत असाल तर वर्डप्रेसवर (स्वतःची वेबसाइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्याला दुकान जोडणारं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) टाकणं स्वस्त पडतं, पण मग सिक्युरिटी सगळी आपल्याच गळ्यात. कोअरचे, म्हणजे मूळ वर्डप्रेसचे, छोटे अपडेट २०१३ पासून आपोआप होतात, प्लगइनचं ऑटो-अपडेट मात्र २०२० मध्ये आलं आणि तेही आपणच चालू करायचं, आणि हॅकर बऱ्याचदा जुन्या प्लगइनमधूनच घुसतात, म्हणून नको असलेले प्लगइन नुसते बंद करू नका, डिलीटच करा, अन् बॅकअप दुसरीकडे ठेवा. शॉपिफाय म्हणजे तयार ऑनलाइन दुकान भाड्याने देणारी सेवा, तिला दरमहा पैसे जातात, पण सर्व्हर, एसएसएल (साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणं), पॅचिंग (सिक्युरिटीतली भोकं बुजवणं) सगळं तेच बघतात. लॉगिन तेवढं आपलं, तिथे टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावाच!! रोज लक्ष द्यायला कुणी नसेल तर मी बिनधास्त शॉपिफायच म्हणेन.