टाकासाठी नीब: निक्को जी की गिलॉट ३०३?

बेळगावात टाकाने, म्हणजे शाईत बुडवून लिहायच्या लेखणीने, रेखाटन आणि सुलेखन शिकू पाहणाऱ्याने पहिले नीब कोणते घ्यावे, असे विचारल्यास मी जपानी निक्को जी सुचवतो. ते काहीसे ताठ असते, दाब सोडताच टोकाची फट चटकन मिटते आणि बारीक रेघ परत मिळते. शिवाय लग्नपत्रिकेच्या पाकिटावर कन्नड नाव लिहिताना गोल वळणाची रेघ खालून वर न्यावी लागते, तेव्हाही ते सहसा अडत नाही. इंग्लंडचे गिलॉट ३०३ अधिक बारीक आणि लवचिक असल्यामुळे व्यक्तिचित्रातील केस आणि छटा काढायला मला तेच आवडते. मात्र हात जड असेल तर ते खरखरीत कागदाचे तंतू उपसते आणि शाईचे शिंतोडे उडवते. किल्ल्याच्या तटाची माझी दोन रेखाटने अशीच वाया गेली. खानापूरकडच्या पावसाळी हवेत गंजही त्यालाच लवकर धरतो, कारण निक्कोवर क्रोमचा मुलामा असतो. देवनागरीची ठसठशीत वळणे हवी असतील, तर ही दोन्ही नीबे सोडून तिरपा कापलेला बोरूच (बोरूच्या काडीची लेखणी) घ्यावा. नीब कोणतेही असो, नवे असताना त्यावरचा तेलकट थर पुसल्याशिवाय शाई नीट धरत नाही.