६०० लिटरचा द्राक्ष ब्लोअर, छाटणीपासून काढणीपर्यंत वापरून : फवारा झकास, पार्टच्या नावाने बोंब

फवाऱ्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचं, पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारं यंत्र. माझ्याकडचा असा : ६०० लिटरची टाकी, डायफ्राम पंप (रबरी पडद्यावर चालणारा), दोन गिअरचा पंखा, ओढायला २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. पीटीओ (ट्रॅक्टरचा मागचा फिरता शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणि प्रेशर चौरस सेंमीला १२ ते १५ किलोवर धरलं की दाट कॅनोपीतही (पानांच्या गर्दीतही) पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचतं. डाऊनी (केवडा रोग) तिथूनच शिरते, त्यामुळे ब्लोअर जोखायचा तो यावरच. वळणावर त्रास नाही, डिझेलही बेताचं.

रडकथा सुरू होते पंप उघडायची वेळ आली की. फळछाटणीनंतर पोंगा (कोवळी फूट) ते फुलोरा हा काळ असा, की रात्री पाऊस पडला तर सकाळी बागेत ब्लोअर फिरलाच पाहिजे. अनुकूल हवेत आठवड्याभरात पानावर तेलकट डाग दिसतात आणि घडात डाऊनी गेली की मग औषधाचं बिल फक्त वाढतं. नेमक्या याच दिवसांत डायफ्राम फुटला आणि डीलरचं उत्तर होतं, 'ऑर्डर टाकलीय, पुढच्या आठवड्यात येईल.' पुढचा आठवडा उजाडला तेव्हा मागच्या मॉडेलचं डायफ्राम किट आलं. सेंटरच्या बोल्टचं भोक वेगळं, कडेची जाडी वेगळी. परत पाठवा, परत थांबा. तोवर गडी लावून हातातल्या गनने फवारणी, म्हणजे मजुरी दुप्पट आणि फवारा एकसारखा नाहीच.

उशीर का होतो, तेही बघण्यासारखं आहे. ब्लोअर विकणारी कंपनी बहुतेक वेळा पंप स्वतः बनवत नाही. टाकी, चेसिस, पंखा जोडते आणि पंप दुसऱ्याचा बसवते. डीलर मागणी नोंदवतो ब्लोअरच्या मॉडेलवर, कंपनीचा डेपो बघतो आपला पार्ट नंबर, आणि पंपवाल्याने मधे डिझाइन बदललं असेल तर कोणालाच पत्ता नसतो. डीलर स्टॉक ठेवतो तो नोझल, गाळणीची जाळी, होजक्लिप एवढाच. किटमध्ये त्याचे पैसे अडकतात आणि ते विकलं जातं दोन महिन्यांत, वर्षभर नाही. त्याची बाजू समजते, पण मशीन विकताना 'सगळे पार्ट चोवीस तासांत' हे त्याच्याच तोंडचं वाक्य होतं.

म्हणून पहिलं काम : पंपावरची धातूची पट्टी पुसून तिचा फोटो काढून ठेवा. पंपाचा मेक, मॉडेल आणि सिरीयल नंबर तिच्यावर असतो. फेसाळ औषध आणि मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाने ती पट्टी दोन सीझनमध्ये वाचता येईनाशी होते. मागणी त्या नंबरवर करा, ब्लोअरच्या नावावर नाही. चुकीचं किट येण्याचा प्रकार बराचसा तिथेच थांबतो.

दुसरं, सगळं कंपनीकडून मागवायची गरजच नाही. पंख्याच्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगला कंपनी आपला लांबलचक नंबर देते, पण बेअरिंगच्या कडेवर ६२०५ किंवा ६२०६ कोरलेलं असतं. ६२०५ म्हणजे २५ × ५२ × १५ मिमी. तालुक्याच्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी छापलेली असते. पीटीओ शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) मोजायचा तो टोपीचा व्यास आणि टोपी ते टोपी लांबी : २२ × ५४, २३.८ × ६१.३, २७ × ७४.६ मिमी हे नेहमीचे साइज. कंपनीवर अडून राहावं लागतं ते डायफ्राम, व्हॉल्व्ह सेट, प्रेशर बॉटलचा (पंपाचे हिसके शोषणाऱ्या हवेच्या डब्याचा) पडदा, रेग्युलेटरची सीट आणि टाकीचं झाकण यांच्यासाठी. झाकणासाठी ताटकळणं म्हणजे तर थट्टाच आहे.

आता डायफ्रामबद्दल. पंपाच्या ऑइलच्या बाटलीत ऑइल दुधाळ दिसलं, किंवा पातळी एकदम खाली गेली, की ब्लोअर तिथल्या तिथे बंद. 'एवढी टाकी संपवू' म्हटलं की पाणी क्रँक आणि बेअरिंगला लागतं, आणि किटच्या जागी पूर्ण पंप घ्यावा लागतो. ऑइल काढा, डिझेलने दोनदा धुवा, हेडचे बोल्ट थोडे थोडे आणि समोरासमोरचे सैल करा. एकच फुटला असला तरी सगळे डायफ्राम बदला. बाकीचे त्याच वयाचे असतात. बसवताना शाफ्ट हाताने फिरवून तो पिस्टन खाली आणायचा, मग डायफ्रामची कड खाचेत सगळीकडून बसली का ते बोट फिरवून बघायचं. कड जराशी वर राहिली तर हेड आवळताना चिमटते आणि नवा डायफ्रामही लवकरच जातो. ऑइल ओतताना घाई नको. थोडं ओता, शाफ्ट हाताने फिरवा, बुडबुडे येऊ द्या, परत ओता. डायफ्रामखाली हवा राहिली की तो फाटलाच म्हणून समजा. गावातले फिटर हीच पायरी गाळतात.

आणि मुळात फुटतो कशाने? बहुतेक वेळा सक्शनने. गाळणी गंधकाने किंवा चुन्याने चोंदली की पंपाला पाणी मिळत नाही, ओढ बसते आणि रबर ताणलं जातं. गाळणी प्रत्येक टाकीला धुवायची. सक्शन पाइप कुठे दबला किंवा आतून सोलला असेल तर तोही बदलायचा. प्रेशर बॉटलमधली हवाही तपासा. १० ते २० किलोवर काम करणाऱ्या पंपाला साधारण ५ ते ७ किलो प्रेशरची हवा लागते. काटा थरथरतो, पाइप उड्या मारतात, तेव्हा आधी हवा बघा, मग व्हॉल्व्ह.

पेटीत काय ठेवायचं? डायफ्राम आणि ओ-रिंगचा पूर्ण सेट, दोन व्हॉल्व्ह, बॉटलचा पडदा, एक क्रॉस, पंपाला लागेल तेवढं ऑइल. हा खर्च ब्लोअरच्या किमतीतच धरा. नवीन घेणार असाल तर अनुदानाच्या यादीत नाव आहे का एवढंच बघू नका. पार्टचा चित्रासह तक्ता डीलरकडून मागा आणि डायफ्राम किट बिलातच लावून घ्या. किट दाखवता येत नसेल तर तो डीलर सोडा.

तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, त्यात शेती अवजारंही घेतली आहेत. मात्र पोंग्यात असलेली बाग त्याची वाट बघत नाही.

मार्केटमध्ये डुप्लिकेट किट लगेच मिळतं, ते अडीअडचणीला चालेल. घेताना डायफ्राम दुमडून उजेडात धरा. वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या तर रबर जुनं आहे, परत द्या. घेतलेलं किट काळ्या पिशवीत बांधून ठेवा, पण औषधाच्या खोलीत नको, डिझेलच्या कॅनजवळही नको.