स्वतःचा ब्रँड की साखळीचे नाव?

मुंबईत बसून अलिबागच्या किनाऱ्यावर आलिशान रिसॉर्ट आणि स्पा उभारू पाहणाऱ्या मालकासमोर दोन वाटा असतात: नामांकित हॉटेल साखळीशी व्यवस्थापन करार करणे किंवा स्वतःचा ब्रँड घडवणे.

करारामुळे आरक्षणाची यंत्रणा आणि अनुभवी व्यवस्थापक पहिल्या दिवसापासून मिळतात. मात्र त्याबदल्यात उत्पन्नातील ठरलेला वाटा आणि नफ्यावरील शुल्क अनेक वर्षे द्यावे लागते, शिवाय चादरीपासून सुगंधापर्यंत सारे मुख्यालयाच्या नियमावलीप्रमाणे चालते.

स्वतःच्या ब्रँडची वाट संथ आणि खर्चिक असली, तरी माझ्या मते वेगळेपण तिथेच जन्माला येते. उत्तराखंडमधील नरेंद्रनगर येथे टिहरी गढवालच्या महाराजांच्या राजवाड्याच्या आवारात २००० साली सुरू झालेल्या ‘आनंदा’ या स्पा-रिसॉर्टने आयुर्वेद, योग आणि वेदान्त यांनाच आपली ओळख बनवले. आपल्याकडेही मांडव्याच्या जेट्टीवर उतरलेल्या पाहुण्याच्या हाती वाळ्याच्या पाण्याचा तांब्याचा पेला यावा, जांभ्याच्या भिंतींची खोली मिळावी आणि संध्याकाळी अभ्यंगानंतर सोलकढी समोर यावी, हा अनुभव कोकणाचाच राहतो. स्पाची खरी कीर्ती मालिश करणाऱ्या हातांवर अवलंबून असते, हे फार कमी मालक ध्यानात घेतात. जाहिरातीआधी मालिश करणाऱ्यांच्या पगारावर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा.

दीडशे खोल्या आणि परिषदांचा व्यवसाय अपेक्षित असेल, तर साखळीच बरी. वीस-पंचवीस खोल्यांसाठी मात्र मी निःसंकोचपणे स्वतःचे नाव निवडेन.