व्हॉलीबॉल आणि कॉलेज: डिव्हिजन १ की डिव्हिजन ३?

मावसबहिणीची पोरगी न्यू जर्सीत अकरावीला, सेटर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) आहे, आणि घरात रोज हाच वाद: कॉलेजात खेळायचं ते डिव्हिजन १ ला, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीला, की खेळावर स्कॉलरशिप न देणाऱ्या डिव्हिजन ३ ला. कोच लोक फोनवर "फॅमिली", "कल्चर" वगैरे बोलतात ते सोडून द्या.

आधी पैसा. डिव्हिजन १ ला आधी १२ फुल स्कॉलरशिप असायच्या, २०२५ च्या सेटलमेंटनंतर (खेळाडूंनी कॉलेज क्रीडा संघटनेवर केलेल्या खटल्यातली तडजोड) त्यात सामील झालेल्या कॉलेजांना रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, १८ पर्यंत आणि स्कॉलरशिप तुकड्यांत वाटायची मुभा, म्हणजे "स्कॉलरशिप मिळाली" ऐकून पेढे वाटू नका, किती टक्के ते लेखी घ्या. डिव्हिजन ३ ला खेळावर एक डॉलरही नाही, पण घरचं उत्पन्न आणि मार्क बघून एड (आर्थिक मदत) मिळते, कधीकधी तीच जास्त भरते.

रोस्टर बघताना माझी ट्रिक: तुमच्या पोझिशनला कोण कितव्या वर्षाला आहे ते मोजा. कोर्टवर सहाच, आणि सेटर बहुतेक टीम एकच खेळवतात. तुम्ही जॉइन व्हाल तेव्हा वर दुसरीच सेकंड इयरला असेल तर तीन वर्षं टाळ्या वाजवत बसा.

अभ्यासाचं म्हणाल तर डिव्हिजन १ ला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे खरी, पण प्रवास त्यात धरत नाहीत. स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियात, तरी २०२४ पासून एसीसीत (मुख्यतः ईस्ट कोस्टच्या कॉलेजांची लीग), म्हणजे मॅचला थेट ईस्ट कोस्ट, गुडघ्यावर बर्फ आणि मांडीवर लॅपटॉप. डिव्हिजन ३ म्हणजे लुटुपुटूचा खेळ नाही हं, जॉन्स हॉपकिन्सने २०१९ ला ३५-० करून टायटल घेतलं.

नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या टीमसारखं ९२,००३ प्रेक्षकांसमोर खेळायचंय, पुढे प्रो व्हायचंय तर डिव्हिजन १. लॅबवालं इंजिनीअरिंग किंवा मेडिकल डोक्यात असेल तर डिव्हिजन ३. आमची बायोलॉजीवाली आहे, त्यामुळे माझं मत तिकडेच, तिच्या बाबांना अजून पटलेलं नाही.