शांतारामबापूंचे चित्रपट : प्रत निवडताना आधी कान लावा

व्ही. शांताराम यांचे चित्रपट आता बहुतेकांना घरच्या पडद्यावरच पाहायला मिळतात. कोणी डीव्हीडी विकत घेतो, कोणी पैसे भरून एखाद्या संकेतस्थळावर पाहतो, तर कोणी कुणीतरी चढवून ठेवलेली फुकटची प्रत उघडतो. एकाच चित्रपटाच्या अशा अनेक प्रती फिरत असल्यामुळे ‘कोणता चित्रपट पाहावा’ या प्रश्नाइतकाच ‘कोणती प्रत पाहावी’ हा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे. या दोन्ही प्रश्नांचा येथे एकत्र विचार केला आहे, आणि त्यामागे एक ठाम मत आहे. शांतारामबापूंची ख्याती भव्य देखाव्यांची आणि कॅमेऱ्याच्या करामतींची असली, तरी त्यांच्या उत्तम चित्रपटांचा प्राण ध्वनीत आहे. म्हणून त्यांच्या चित्रपटाची प्रत पारखताना चित्र किती स्वच्छ आहे हे नंतर पाहावे, आधी आवाज ऐकावा.

कोल्हापुरात 1901 साली जन्मलेला हा माणूस बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत घडला. ‘सावकारी पाश’मध्ये त्याने तरुण शेतकऱ्याची भूमिका केली आणि 1927 मध्ये ‘नेताजी पालकर’ या मूकपटाद्वारे दिग्दर्शनाला हात घातला. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्याने प्रभात फिल्म कंपनी उभी केली, आणि तीनच वर्षांत बोलपट आला. मूकपटात तयार झालेल्या दिग्दर्शकांपैकी अनेकांना आवाज ही अडचण वाटत होती, कारण बोलणे टिपण्याच्या नादात कॅमेरा जागीच खिळून बसे. शांतारामबापूंना मात्र आवाजात नवे साहित्य सापडले. त्यांची पुढची जवळजवळ सहा दशकांची कारकीर्द समजून घ्यायची, तर हे साहित्य त्यांनी कुठे जपून वापरले आणि कुठे उधळले, एवढे पाहिले तरी बरेच काही हाती लागते.

1932 चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट म्हणून संग्रही असावा. गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे यांची तारामती पाहताना रंगभूमीची सवय अजून सुटलेली नाही हे जाणवते, पण दुर्गाबाईंच्या आवाजातला ताठपणा आजही ऐकणाऱ्याला थांबवतो. पुण्याला आल्यावर प्रभातने 1934 मध्ये केलेला ‘अमृतमंथन’ ही निराळीच झेप आहे. बळीच्या प्रथेला विरोध करणाऱ्या राजाविरुद्ध कट रचणारा राजगुरू हिंदीत चंद्रमोहन यांनी, तर मराठीत केशवराव दाते यांनी उभा केला. पडदाभर पसरलेला राजगुरूचा एकच डोळा हे या चित्रपटाचे सर्वांना ठाऊक असलेले दृश्य आहे. घाईघाईने तयार केलेल्या प्रतीत त्या डोळ्याभोवतीचा काळोख करडा पडलेला असतो आणि दृश्यातली धास्ती निघून जाते. बालगंधर्वांचा एकनाथ असलेला ‘धर्मात्मा’ (1935) श्रद्धेने पाहण्याजोगा आहे, मात्र एवढा मोठा गायक नट कॅमेऱ्यापुढे पुरता मोकळा झालेला दिसत नाही. ‘अमरज्योती’मधली दुर्गा खोटे यांची चाचेगिरी करणारी सौदामिनी अधिक ताजी वाटते.

यानंतर येतो 1937 चा ‘कुंकू’, आणि या चित्रपटापाशी जरा अधिक थांबले पाहिजे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे, आणि हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. नीरा या तरुण मुलीला फसवून तिचे लग्न काकासाहेब या वयस्क विधुर वकिलाशी लावले जाते, आणि ती हे लग्न मान्य करायला ठाम नकार देते. ती पळून जात नाही, रडत बसत नाही, त्याच घरात राहून नकार देत राहते. शांता आपटे यांनी ही नीरा अशा करारीपणाने उभी केली आहे, की आजची कोणतीही अभिनेत्री तिच्याकडून शिकू शकेल. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने बडवते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद नसतो, कंटाळा आणि किळस असते. केशवराव दाते यांचे काकासाहेबही खलनायक नाहीत. स्वतःची चूक हळूहळू उमगत जाणाऱ्या माणसाचे ओशाळलेपण त्यांनी इतक्या बारकाईने दाखवले आहे, की शेवटी त्यांचा राग येईनासा होतो.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. दुःखाच्या प्रसंगी सारंगी किंवा संतापाच्या प्रसंगी ढोल ऐकवायचा नाही, घरातले आणि रस्त्यावरचे नैसर्गिक आवाजच तेवढे वापरायचे, असा निर्णय शांतारामबापूंनी घेतला होता. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झालेली असताना आणि प्रेक्षक गाण्यांसाठी तिकीट काढत असताना असा निर्णय घ्यायला मोठे धाडस लागते. परिणामी घड्याळाची टिकटिक, पावलांची चाहूल, दार लोटल्याचा आवाज आणि दोन वाक्यांमधली शांतता हेच या चित्रपटाचे संगीत झाले. गाणी आहेत, केशवराव भोळे यांच्या चाली आहेत, मास्टर परशुराम यांच्या कोवळ्या आवाजातले ‘मन सुद्ध तुझं’ आहे, आणि नीराच्या तोंडी लाँगफेलो या अमेरिकी कवीची एक इंग्रजी कविताही आहे. भोवती शांतता असल्यामुळे यातले प्रत्येक गाणे घटनेसारखे घडते. कुणीतरी गायला लागले आहे आणि त्या घराला ते ऐकावे लागत आहे, असे वाटत राहते.

प्रतीचा प्रश्न कळीचा ठरतो तो नेमका येथे. बाजारात आणि संकेतस्थळांवर मिळणाऱ्या काही प्रतींमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी खरखर ऐकू येते, काहींत ती खरखर काढण्याच्या नादात बारीकसारीक आवाजही पुसले गेले आहेत, आणि एका प्रतीत तर संवादांची पातळी इतकी वरखाली होते की प्रत्येक प्रसंगाला आवाज कमी-जास्त करावा लागतो. इतर चित्रपटांत असे दोष एकवेळ चालवून घेता येतात. ‘कुंकू’मध्ये मात्र खरखर म्हणजे शांततेवर ओढलेला पडदा आहे, आणि अशी प्रत पाहणाऱ्याला अर्धाच चित्रपट मिळतो. एक सोपी कसोटी सांगतो. प्रभातचे बोधचिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी स्त्री. चित्रपटाच्या आरंभीचा तो तुतारीचा सूर फाटका लागला, तर पुढे जाऊ नये, दुसरी प्रत शोधावी. सूर गोल आणि भरीव आला, तर पुढचे सगळे बहुधा नीट ऐकू येते. हेडफोन लावून पाहिल्यास ‘कुंकू’ आणखी उलगडतो.

1939 चा ‘माणूस’ (हिंदीत ‘आदमी’) मला ‘कुंकू’च्या तोडीचा वाटतो, आणि काही बाबतींत त्याहून जिवंत. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या यांची ही गोष्ट आहे. प्रेमात हरून स्वतःला संपवणारा नायक त्या काळी फार लोकप्रिय झाला होता. त्याला उत्तर म्हणून, काहीही झाले तरी माणसाने जगले पाहिजे असे सांगणारा चित्रपट शांतारामबापूंनी केला. शाहू मोडक यांच्या भाबड्या गणपतपेक्षा शांता हुबळीकर यांची मैना अधिक लक्षात राहते. ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे ती समोरच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या भाषांत फिरवते. एरवी गमतीचे वाटेल असे हे गाणे नीट ऐकले, तर प्रत्येकाच्या भाषेत हसून दाखवणे हे या बाईचे रोजचे काम आहे, हे कडव्यागणिक अंगावर येते. इतके मोठे सामाजिक विधान एका गाण्याच्या रचनेतून करणारा दुसरा दिग्दर्शक त्या काळात मला दिसत नाही. काही प्रतींमध्ये गाण्यांची काटछाट झालेली आढळते. या गाण्याचे एखादे कडवे गळलेले असेल, तर ती प्रत घेऊ नये.

‘शेजारी’ (1941, हिंदीत ‘पडोसी’) हा शांतारामबापूंचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट. विश्राम बेडेकर यांची कथा, मास्टर कृष्णराव यांचे संगीत, ‘लखलख चंदेरी’चा झगमगाट आणि एका धरणापायी दुरावलेले दोन जुने मित्र, एक हिंदू आणि एक मुसलमान. हिंदीत मजहर खान यांनी हिंदूची आणि गजानन जागीरदार यांनी मुसलमानाची भूमिका केली, यातच दिग्दर्शकाचे म्हणणे आले. फुटलेल्या धरणाच्या प्रलयातही एकमेकांचे हात धरून राहिलेले ते दोघे म्हातारे पाहताना माझे डोळे अजूनही भरून येतात.

1942 मध्ये शांतारामबापूंनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर सुरू केले. वडील राजाराम आणि आई कमळा यांच्या नावांवरून स्टुडिओचे नाव ठेवले होते. पहिल्याच ‘शकुंतला’ने मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात 104 आठवडे मुक्काम ठोकला. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये त्यांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली. दोन्ही चित्रपट ऐतिहासिक महत्त्वाचे आहेत, पण ‘माणूस’सारखे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटत नाहीत. प्रभातमध्ये दामले-फत्तेलाल यांच्यासारखे तोलामोलाचे भागीदार होते. राजकमलमध्ये शब्द एकट्या शांतारामबापूंचा चाले. त्या स्वातंत्र्यातून काही अपूर्व गोष्टी निर्माण झाल्या, पण हात आवरायला सांगणारे कोणी उरले नाही, असे हे चित्रपट ओळीने पाहताना वारंवार जाणवते.

‘अमर भूपाळी’ (1951) मात्र कानासाठी आवर्जून घ्यावा. शाहीर होनाजी बाळाच्या जीवनावरच्या या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात गौरव झाला, आणि वसंत देसाई यांच्या संगीतातले ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ऐकले की तो का झाला हे कळते. येथेही खराब प्रत घेतली, तर ज्यासाठी चित्रपट गौरवला गेला तीच गोष्ट हरवते. ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) आणि ‘नवरंग’ (1959) यांबद्दल माझे मत संमिश्र आहे. गोपीकृष्ण यांचे पदन्यास थक्क करणारे आहेत, ‘अरे जा रे हट नटखट’मध्ये एकाच वेळी स्त्री आणि पुरुष होऊन नाचणाऱ्या संध्या यांची मेहनत वंदनीय आहे, पण रंग, कारंजी आणि नेपथ्य यांचा इतका भडिमार होतो की माणसे मागे पडतात. असे चित्रपट एका बैठकीत पाहण्यापेक्षा त्यांतली नृत्ये निवडून पाहणे मला योग्य वाटते.

या दोन रंगीत चित्रपटांच्या मधोमध 1957 मध्ये त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ कृष्णधवल केला, ही मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कलात्मक सचोटी वाटते. औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली. सहा खुनी कैद्यांना बेड्यांशिवाय उजाड माळरानावर नेऊन शेती करायला लावणारा जेलर आदिनाथ शांतारामबापूंनीच साकारला. बैलाशी झुंजीच्या दृश्यात त्यांच्या डोळ्यांना गंभीर दुखापतही झाली. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आता शाळाशाळांतून म्हटले जाते, पण चित्रपटात ते ऐकताना भोवतालचा ओसाडपणाही ऐकू येतो. खेळणी विकणारी चंपा आली की तिच्याबरोबर त्या माळरानावर पहिल्यांदा खेळकर आवाज येतो. येथे वीस वर्षांपूर्वीच्या ‘कुंकू’चा दिग्दर्शक पुन्हा भेटतो. बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला, आणि त्याची ठीकठाक प्रत मिळणेही तुलनेने सोपे आहे.

साठच्या दशकातले चित्रपट मी येथे सोडून देतो. ‘पिंजरा’ (1972) सोडता येत नाही. तमाशातल्या बाईच्या मोहात सापडून स्वतःचे नाव, प्रतिष्ठा आणि अखेर स्वतःची ओळखही गमावणारे गुरुजी डॉ. श्रीराम लागू यांनी ज्या ताकदीने उभे केले, त्याला तोड नाही. स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहिलेला माणूस हा विलक्षण पेच आहे, आणि लागू तो आवाज न चढवता पेलतात. राम कदम यांची ढोलकी आणि जगदीश खेबुडकर यांचे शब्द घराघरांत पोहोचलेच आहेत. रंगांचा भडकपणा येथेही आहे, पण तो तमाशाच्या फडाचा आहे, म्हणून खुपत नाही. ‘कशी नशिबाने थट्टा आज मांडली’च्या वेळी स्पीकर घरघरू लागला, तर दोष प्रतीचा समजावा.

पहिल्यांदाच हे चित्रपट घेणाऱ्याने ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘पिंजरा’ हे चार आधी घ्यावेत, आणि जमल्यास ‘अमर भूपाळी’ त्यांना जोडावा. प्रभातच्या चित्रपटांच्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या मिळत असतील, तर मराठी वाचकांनी मराठी निवडावी. ‘कुंकू’तले घर, त्यातली माणसे आणि त्यांचे टोमणे मराठीत जसे बोचतात तसे हिंदीत बोचत नाहीत. उपशीर्षके असलेली प्रत परभाषक मित्रांना दाखवण्यासाठी उपयोगी पडते, मात्र गाण्यांची उपशीर्षके बऱ्याच ठिकाणी गाळलेली असतात. ‘माणूस’ दाखवायचा असेल, तर ती आहेत ना हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.