साडेसहा हजारांचं काउन्सेलिंग: कशाचे पैसे वसूल झाले, कशाचे नाही

नाशिकरोडला बिटको चौकाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जून-जुलैत निम्मं गिऱ्हाईक ॲडमिशनवालं. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी, बारावीची मार्कशीट, सगळ्याचे तीन-तीन संच. कुठल्या कोर्सला कुठला कागद लागतो ते मला तोंडपाठ आहे. पण घरातल्याच पोरीने कुठला कोर्स घ्यावा हा प्रश्न आला तेव्हा डोकं चालेना. म्हणून कॉलेज रोडवरच्या एका करिअर काउन्सेलिंगवाल्यांकडे गेलो. दोन बैठकांचे साडेसहा हजार, आगाऊ. नाव लिहीत नाही, धंद्याचा प्रश्न आहे.

आधी परिस्थिती सांगतो. लेकीने 2025 ची नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा, दिली. त्या वर्षीचा फिजिक्सचा पेपर किती अवघड होता ते ज्यांच्या घरात मूल बसलं होतं त्यांना वेगळं सांगायला नको. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 पैकी तिला 398. आम्ही ओबीसी. सरकारी एमबीबीएसला पुरणार नाहीत हे निकालाच्या दिवशीच कळलं होतं. घरात तीन पक्ष पडले. आजी म्हणे अजून एक वर्ष घे, बायको म्हणे बीएस्सी कर आणि बाजूने नीटचा अभ्यास कर. मी आयुर्वेदवाला. खरं कारण सांगतो, नावाआधी डॉक्टर लागतं एवढंच माझ्या डोक्यात होतं. लेकीला कोणी विचारलं नव्हतं.

पहिली बैठक मोठ्या सरांबरोबर. ऑफिस झकास, एसी, काचेचं दार, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा आणि त्याच्या डोक्यावर पदवीदान समारंभातली काळी टोपी. मला त्या सांगाड्याची दयाच आली. सरांनी 398 आकडा ऐकला, वहीत लिहिला आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पुढची चाळीस मिनिटं अमेरिका. म्हणे इथे कशाला झुरता, तिथे चार वर्षांची प्री-मेड डिग्री करा आणि सरळ मेडिकलला जा, नीटबीट काही नाही. वर्षाला साधारण 45 हजार डॉलर. मी खिशातला मोबाईल काढून गुणाकार केला, तेव्हाच्या भावाने साडेअडतीस लाखांच्या वर गेला. चार वर्षांचं दीड कोट. आणि मेडिकल कॉलेज त्याच्या पुढे, ते वेगळं. सर म्हणाले, "एज्युकेशन लोन असतं ना." माझं दुकान गहाण टाकलं तरी त्यातलं एक सेमिस्टर निघेल की नाही शंका आहे.

येताना द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो. स्कूटरवर मागून लेक म्हणाली, "पप्पा, ते माझ्याशी एकदाही बोलले नाहीत." मी काही बोललो नाही.

माझा भाऊ वीस-बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. त्याची मुलगी तिथेच जन्मली, सध्या मेडिकल कॉलेजच्या तयारीत आहे. रात्री व्हिडिओ कॉल लावला. ती पहिल्याच वाक्याला हसली. "काका, प्री-मेड नावाची डिग्री नसते. तो नुसता मार्ग आहे." मग तिने नीट समजावलं. तिथे मेडिकलला जायला आधी पदवी लागते, पण ती कशातली ते बहुतेक ठिकाणी तुमच्यावर असतं. जास्त मुलं बायोलॉजी घेतात हे खरं, पण सक्ती नाही. ही स्वतः समाजशास्त्र करते! मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याबरोबर ठरलेले विषय मात्र करावेच लागतात, बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, सगळं प्रॅक्टिकलसकट, आणि बहुतेक कॉलेजांना बायोकेमिस्ट्रीही हवं असतं. मग एमकॅट, म्हणजे तिकडची मेडिकलची प्रवेश परीक्षा, त्याचे जास्तीत जास्त गुण 528. आणि पदवीच्या चारही वर्षांचे ग्रेड पाहतात. म्हणून जो विषय मनापासून वाचाल तोच घ्या, असं तिला तिच्या सल्लागार बाईंनी सांगितलेलं. ऑरगॅनिक म्हणजे तिकडची गाळणी. हिला त्यात बी मायनस पडला तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

कॉलेज निवडताना तिने काय पाहिलं ते ऐकण्यासारखं होतं. तिला एका मोठ्या नावाच्या खाजगी कॉलेजातही जागा होती. ती रटगर्सला गेली, कारण ते तिच्याच राज्याचं विद्यापीठ, राज्यातल्या मुलांना फी कमी. सल्लागार खरोखर भेटतात का हे तिने आधीच्या मुलांना विचारून घेतलं. जवळ हॉस्पिटल आहे का तेही पाहिलं, कारण तिथे फुकट काम करून अनुभव दाखवावा लागतो. पदवीच्या कर्जात बुडालो तर मेडिकलचं कर्ज कुठून काढणार, हा तिचा हिशोब. एकवीस वर्षांची पोर.

शेवटी तिने जे सांगितलं ते सरांच्या चाळीस मिनिटांत कुठेच नव्हतं. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर तिकडची बरीच मेडिकल कॉलेजं अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यातली काही पुढच्या वर्षांचे पैसे आधी दाखवायला लावतात. म्हणजे आम्ही दीड कोट घालून समाजशास्त्राची पदवी घेऊन नाशिकरोडला परत.

सर एक गोष्ट सरमिसळ करून सांगत होते ती इथे लिहून ठेवतो, कारण दुकानात दर दोन दिवसांनी कोणीतरी ती विचारतं. अमेरिकेत आधी पदवी, मग मेडिकल. आपल्याकडे एमबीबीएस हीच पदवी, बारावीनंतर, नीटच्या गुणांवर. बीएस्सीला कितीही टक्के पाडा, एमबीबीएसच्या मेरिट लिस्टला त्याचा उपयोग शून्य. बीएस्सी करून नीट देता येते, पण मग पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे म्हणून नाशिककरांचं काही सोपं होत नाही. विद्यापीठात ओळख आहे का, असं विचारणारे पालक मी पाहिलेत. प्रवेश सीईटी सेल, म्हणजे राज्य सरकारचा प्रवेश परीक्षा कक्ष करतो, विद्यापीठ नाही.

दुसऱ्या बैठकीला मी पैसे परत मागायच्या तयारीने गेलो होतो. सर नव्हते. आतल्या छोट्या खोलीत पंचविशीतली एक मॅडम बसली होती, एसीही नव्हता, टेबल फॅन. तिने मला बाहेर बसायला सांगितलं! आधी लेकीशी बोलायचंय म्हणाली. बाहेर बसून मी अर्धा तास सांगाड्याकडे पाहिलं.

नंतर आत बोलावलं. तिने लेकीला विचारलं होतं की एमबीबीएस मिळणारच नाही असं धरलं, तर यातलं काय शिकायला तू सकाळी आपणहून उठशील. लेक म्हणे गप्प बसली आणि मग फिजिओथेरपी म्हणाली. माझ्या आईचा गुडघा बदलला तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी तिने आजीकडून व्यायाम करून घेतले होते, एक ते दहा मोठ्याने मोजत. आजी रडायची, ही मोजायची. ते आवाज मी दुकानातून येऊन रोज ऐकलेत. मला ते कधी करिअर वाटलं नाही.

मॅडमने लगेच होकार भरला नाही. आधी एखाद्या क्लिनिकमध्ये दोन दिवस नुसती बसून ये म्हणाली, मग सांग. आयुर्वेदही यादीत ठेवलं, पण मला विचारलं, "काका, हे तिचं आहे की तुमचं?" काय उत्तर देणार.

मग कागदपत्रं काढली. इथे माझी इज्जत गेली. त्या वर्षीच्या प्रवेशाला नॉन-क्रिमीलेयर 31 मार्च 2026 पर्यंत वैध हवं होतं, आमचं आधीच संपलेलं. गावभर लोकांना तारीख बघा म्हणून ओरडणारा मी, स्वतःच्या पोरीचं तीनदा झेरॉक्स केलं आणि तारीख वाचली नाही. दुसऱ्याच दिवशी सेतूत पळालो. ते मॅडमने पाहिलं नसतं तर ओबीसीचा दावाच अडकला असता. पसंतीक्रमही तिने शेजारी बसून भरून घेतला, प्रत्येक कॉलेज का वर आणि का खाली हे लेकीकडून वदवून.

फिजिओला नाशिकमध्येच नंबर लागला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा नीट द्यायची का, ते तिने सांगितलेलं नाही आणि मीही विचारत नाही. सध्या घरात हाडांची नावं पाठ करणं चालू आहे. कालच माझ्या खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाली, काउंटरवर वाकून वाकून वाट लावलीय तुम्ही याची.

गुण द्यायचे तर मॅडमला पाचपैकी साडेचार, सरांना अर्धा. जाणार असाल तर फक्त दुसऱ्या बैठकीचे पैसे घेतात का ते विचारा. मी विचारलं होतं, पॅकेज एकत्रच आहे म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसचा पोरगा दुकानात आला. मोफत सेमिनार, चहा-नाश्त्यासह, 500 प्रती रंगीत. वर मोठ्या अक्षरात 'प्री-मेड डिग्री'. मी विचारलं, यात दुरुस्ती करायची आहे का? त्याने सरांना फोन लावला. सर म्हणाले, आहे तसंच छापा. छापलं. पैसे आधी घेतले.